हातचा विसरू नका: गोष्टीच्या गेमसाठी कडक बाई घडवताना

आमच्या गेमच्या पहिल्या मसुद्यात बाई वर्गात यायच्या, टेबलावर छडी आपटायच्या, ‘गप्प बसा!’ म्हणून ओरडायच्या. चौथ्या प्रसंगात पोराला ताप आला की त्याच बाई त्याच्या कपाळावर हात ठेवून डोळे पुसायच्या. गेम खेळून बघणाऱ्या पहिल्याच मुलीने विचारलं, ‘ह्या दोन वेगळ्या बाई आहेत का?’

तिचं बरोबर होतं. आम्ही कडकपणा एका डब्यात भरला होता आणि माया दुसऱ्या, आणि गरज पडेल तसं एकेकाचं झाकण उघडत होतो. वर्गातल्या खऱ्या कडक बाईंकडे दुसरा डबा नसतोच. त्यांचा हिशोब सलग चालू असतो. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. जूनमध्ये बघितलेली गोष्ट त्या जुलैत वापरतात आणि मधल्या काळात बोलून दाखवत नाहीत. असं पात्र गेममध्ये उभं करायचं तर तो हातचा कुठे धरायचा आणि कधी मिळवायचा, हे ठरवणं हेच मुख्य काम. आम्ही ते कसं केलं ते मोहितेबाई या एकाच पात्रावरून सांगते. तुमचं पात्र वेगळं असेल, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

आधी गाव, साल आणि शाळा

‘एका खेड्यातली शाळा’ एवढ्यावर थांबलात तर बाई चित्रपटातल्यासारख्याच होणार. आम्ही जून १९९८ धरलं. सातारा जिल्हा, पाटण तालुका, कोयनेच्या खोऱ्यातली एक वाडी. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, मागच्या खोलीची दोन कौलं फुटलेली. नायक चौथीतला संतोष. पोरं त्याला संत्या म्हणतात. दुसऱ्या खोलीत गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक.

साल नक्की करण्याचा फायदा असा की निम्मे प्रसंग ते सालच देतं. १९९८ म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला (२०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली गेली). मोबाइल नाही, म्हणजे निरोप चिठ्ठीने किंवा एसटीच्या कंडक्टरबरोबर. आणि सगळ्यात मोठी देणगी म्हणजे तांदूळ. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. शिजवलेली खिचडी सगळीकडे यायला अजून अवकाश होता. त्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. तोवर प्राथमिकच्या मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा, तोही त्या महिन्यात ८० टक्के हजेरी भरली तरच.

आता जुलै घ्या. पाटणच्या बाजूला जुलै म्हणजे भाताची लावणी. मोठी माणसं चिखलात, म्हणून गुरांमागे पोरं. म्हणजे तांदूळ लावायला घरी थांबलं की शाळेतला तांदूळ जातो. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले तर संतोषला २० दिवस भरायला हवेत. हा आकडा हाती लागला तेव्हा आमचा अर्धा गेम लिहून झाला होता, असं आज वाटतं. त्याआधी महिनाभर आम्ही ‘बाईंचं हृदय कसं दाखवायचं’ यावर वाद घालत बसलो होतो.

तुमची गोष्ट पुण्याच्या इंग्रजी माध्यमातली असेल, नाहीतर दुबईतल्या शनिवारच्या मराठी वर्गातली. तिथेही असा आकडा शोधा. फीची शेवटची तारीख, बसची वेळ, पासिंगचे ३५ मार्क. बाईंची माया अशा एखाद्या आकड्याला बांधलेली असली की ती लिहायला सोपी जाते आणि ओशट होत नाही.

एक नियम, आणि त्याची किंमत बाईंनीच मोजलेली

कडक पात्राला दहा नियम देऊ नका. एकच द्या, पण तो कधीच न मोडणारा. मोहितेबाईंचा नियम: हजेरीपटात खाडाखोड नाही. ‘ह’ म्हणजे हजर, ‘अ’ म्हणजे अनुपस्थित. शाईने लिहिलं की संपलं.

नियमामागे कारण लागतं, आणि ते ‘बाई शिस्तप्रिय होत्या’ असं नसावं. आमच्या बाई आधी माण तालुक्यात होत्या. तिथे पट टिकवण्यासाठी वरिष्ठांनी सांगितलं म्हणून त्यांनी एका मुलापुढे वर्षभर ‘ह’ लावला. मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. कागदावर तो रोज शाळेत होता, म्हणून कोणी त्याला शोधायला गेलं नाही. पुढे तो परत आला नाही. बाईंनी एवढंच ठरवलं की आपल्या हातून खोटा ‘ह’ पुन्हा लागणार नाही. गेममध्ये हे कोणी सांगत नाही. मार्चमध्ये एका प्रसंगात बाई गुरुजींना म्हणतात, ‘हजर लिहिलेल्या पोराला शोधायला कोण जातं?’ बस. ज्याला जोडायचं त्याने जोडावं.

एक लक्षात आलं का? हा नियम निष्ठुर दिसतो, पण तो मुलांच्या बाजूचा आहे. कडकपणा मायेतूनच आलेला असेल तर दोन्हींचा तोल सांभाळायची कसरत करावी लागत नाही. तुमच्या पात्राचा नियम ठरवताना हीच कसोटी लावा: हा नियम कोणत्या मुलासाठी केला गेला? उत्तर नसेल तर नियम बदला.

किंमत म्हणजे काय? बाई पाटणहून पहिल्या एसटीने येतात, फाट्यावर उतरतात आणि तीन किलोमीटर चालतात. पावसात चपला हातात. उशिरा येणाऱ्या मुलावर त्या चिडतात तेव्हा खेळणाऱ्याने ती वाट आधी एकदा चाललेली असावी. आम्ही ती पहिल्याच प्रकरणात ठेवली. संतोष गुरं घेऊन चाललाय, समोरून बाई येतायत, दोघेही भिजलेले. बाई थांबत नाहीत. म्हणतात, ‘अकरा वाजता घंटा होते.’

छडीचं काय करायचं

ही टाळता न येणारी गोष्ट. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. तुमची गोष्ट त्यानंतरची असेल आणि बाई मारत असतील तर ते बेकायदा आहे, आणि गोष्टीनेही त्याला तसंच वागवायला हवं. १९९८ मध्ये छडी होती, हे खरं. पण ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असं म्हणणाऱ्यांच्या हाती आपला गेम पुरावा म्हणून जावा, अशी माझी तरी इच्छा नाही. शिवाय लेखक म्हणूनही छडी ही पळवाट आहे. ती उगारली की कडकपणा लिहायचं काम संपतं.

आमच्या शाळेत छडी आहे. आधीच्या गुरुजींची. बाई ती नकाशावर नद्या दाखवायला वापरतात, आणि वारा सुटला की दाराच्या कडीत अडकवतात. पोरं तरी तिला भितात. बाईंना ते माहीत आहे, आणि त्यांनी ती फेकूनही दिलेली नाही. त्या एवढ्या सरळ नाहीत.

बाईंनी काय पाहिलं, बाई काय बोलल्या

आता प्रत्यक्ष लिहायला बसा. एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे, त्या प्रसंगात बाईंच्या नजरेला काय पडलं ते. उजवीकडे, बाई तोंडाने काय म्हणाल्या ते. अट एकच: डावीकडचं उजवीकडे जसंच्या तसं येता कामा नये.

डावीकडे: संतोषच्या पायाला पोटरीपर्यंत चिखल, म्हणजे पोरगा सकाळी शेतात जाऊन आलाय. उजवीकडे: ‘पाय धुऊन ये. आणि तांब्या भरून ठेव.’
डावीकडे: वहीची पानं संपलीत, तो मागून उलटा लिहितोय. उजवीकडे: ‘अक्षर बारीक काढ. पानं फुकट येत नाहीत.’ (पुढच्या सोमवारी त्या सगळ्या वर्गाच्या वह्या तपासायला घेतात. संतोषची परत येते तेव्हा तिच्यात आठ कोरे ताव शिवलेले असतात. उल्लेख नाही.)
डावीकडे: आज त्याने डबा उघडलाच नाही. उजवीकडे: ‘फळा पुसायला थांब.’

आम्ही वर्षभराच्या ३४ प्रसंगांसाठी असा तक्ता केला. त्यात ११ ठिकाणी उजवी बाजू कोरी राहिली. बाईंनी पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. हे ११ म्हणजेच हातचे. ते पुढे कुठेतरी मिळवायचे. मिळवायचे राहिले तर खेळणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण बेरीज चुकल्यासारखी वाटत राहते.

बोलणं

मराठीत लिहिणाऱ्याला एक सोय फुकट मिळते आणि आपण ती वापरत नाही. रागाचा पारा सर्वनामात आणि नावात असतो. बाईंचं साधं बोलणं ‘तू’चं: ‘संतोष, पुढे ये.’ पारा चढला की बापाचं नाव लागतं: ‘संतोष मारुती, पुढे ये.’ आणि खरा राग आला की आदर सुरू होतो: ‘या. आपलीच वाट बघत होतो सगळे.’ हे वाक्य वाचताना मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची पाठ आपोआप ताठ होते. उद्गारचिन्हाची गरज नाही. आमच्या संपूर्ण गेममध्ये बाईंच्या तोंडी उद्गारचिन्ह दोनदाच आहे, आणि एकदा ते साप निघाल्यावर आहे.

उतरतानाही तोच जिना. बोलून झालं, वर्ग गप्प झाला, पोरगा मान खाली घालून उभा. मग बाई ‘तू’वर येतात: ‘जा, पाणी पी.’ इथे ‘बाळा’ घालायचा मोह होतो. घालू नका. ‘आपण’वरून ‘तू’वर येणं हीच माफी आहे.

बाई त्याला ‘संत्या’ कधीच म्हणत नाहीत. हजेरीत जे नाव आहे ते नाव. गावात ज्या पोराला सगळे ‘संत्या’ म्हणतात त्याला निदान एका माणसाने पूर्ण नावाने हाक मारावी, हा बाईंचा हट्ट आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. संतोष ‘व्हय बाई’, ‘न्हाय बाई’ असंच बोलणार. बाईंनी त्याला बोलताना सुधारावं की नाही यावर आमच्यात भांडण झालं. शेवटी असं ठरलं:

‘पानी नाही, पाणी लिही. बाणातला ण.’
‘पर बाई, आमी पानीच म्हनतो.’
‘म्हण की. मला कळतं. पेपर तपासणाऱ्याला कळायचं नाही.’

या तीन ओळींत बाई कडक आहेत, पण पोराच्या घरच्या भाषेला कमी लेखत नाहीत. बोली लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. प्रत्येक शब्द मोडून लिहिलात तर पात्र तमाशातल्या सोंगाड्यासारखं वाटायला लागतं. दोन-तीन ठरावीक खुणा पुरतात. बाकी लय.

आता काय लिहू नये ते. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, तू हे करू शकतोस.’ ‘मी नेहमी तुझ्यासोबत आहे.’ ‘तुझ्यात काहीतरी खास आहे.’ ही वाक्यं डब केलेल्या मालिकेतून येतात. पाटण तालुक्यातल्या कोणत्याही बाई असं बोललेल्या नाहीत. त्या म्हणतात, ‘परत कर.’ म्हणतात, ‘हं. पुढचं.’ शिष्यवृत्तीच्या जादा तासाला पोरगा एकाच गणितावर चौथ्यांदा अडलाय. घड्याळात पाचला दहा कमी आहेत. पाचची गाडी फाट्यावर येणार. बाई पर्स उचलतात, परत ठेवतात आणि म्हणतात, ‘साडेसहाची बघेन. मांड परत.’ साडेसहाची शेवटची गाडी आहे आणि पावसात ती येतेच असं नाही, हे खेळणाऱ्याला आधीच्या प्रसंगातून माहीत असतं. यापेक्षा जास्त प्रेम व्यक्त करायची बाईंना गरज नाही.

बाईंचं एका वेळचं बोलणं दोन ओळींच्या वर गेलं की मी कात्री लावते. कौतुकही रेशनवर. वर्षभरात ‘बरोबर’ तीनदा. ‘शाब्बास’ एकदाही नाही. खूप कुरकुर झाली, पण तिसऱ्या ‘बरोबर’ला एका खेळणाऱ्याने टेबलावर हात आपटला, तेव्हा कुरकुर थांबली.

निवडी आणि आकडे

बाईंसाठी ‘जिव्हाळा ४० पैकी २७’ असं मीटर ठेवू नका. मीटर दिसलं की खेळणारा बाईंना खूश करायला लागतो. फुलं दे, फळा पूस, गुण वाढव. पात्राचं गल्ल्यात रूपांतर होतं. (आषाढात गुरुपौर्णिमा येतेच, आणि तिचा भावुक प्रसंग लिहायला हात शिवशिवतात. आमच्याकडे पोरं फुलं घेऊन येतात आणि बाई विचारतात, ‘कोणाच्या दारातली?’)

आम्ही पडद्यामागे तीनच गोष्टी मोजतो. पहिली, ‘हजर दिवस’, शून्यापासून पुढे. दुसरी, ‘बाईंना काय माहीत’, ही संख्या नाही, यादी आहे: गुरांचं माहीत आहे का, आईच्या आजारपणाचं माहीत आहे का, बाप मुंबईला गेलाय हे माहीत आहे का. तिसरी, ‘शब्द पाळला का’, हो किंवा नाही. खेळणाऱ्याची निवड या तिन्हींतल्या एखाद्या गोष्टीला लागते. खोटं बोललं म्हणून बाई ‘नाराज’ होत नाहीत. त्यांना कमी माहीत राहतं, आणि म्हणून त्या चुकीच्या ठिकाणी कडक होतात. हे एकदा पटलं की निवडी लिहिणं सोपं होतं. ‘काल का आला नाहीस?’ याला तीन उत्तरं: खरं, खोटं, गप्प. गप्प बसलं तर बाई संध्याकाळी वाट वाकडी करून घरावरून जातात आणि त्यांना कळतंच, पण त्यांची गाडी चुकते. खोटं बोललं तर त्या विश्वास ठेवतात. तेच जास्त जड जातं.

यादी वाढवताना जपून. तीन हो-नाही गोष्टींच्या आठ जुळण्या होतात, पाचांच्या बत्तीस. बत्तीस प्रसंग कोणी लिहीत नाही. एकच प्रसंग लिहा आणि त्यात दोन-तीन जागा बदलत्या ठेवा. आईचं माहीत असेल तर ‘फळा पुसायला थांब’च्या जागी ‘आज लवकर जा, फळा मी पुसते’. एक ओळ बदलली, पण खेळणाऱ्याला वाटतं सगळा प्रसंग आपल्यासाठी लिहिलाय.

साधनांबद्दल थोडक्यात. आधी कागद. मग एखादा महिना ट्वाइनमध्ये मांडा. ते २००९ पासून आहे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. फांद्यांचं जाळं समोर दिसतं, म्हणून कुठली फांदी वाळलीय ते लगेच कळतं. चित्रं आणि चेहरे घालून पूर्ण गेम करायचा तर रेनपाय. मोठ्या गेमच्या आत फक्त संवाद चालवायचे असतील तर इंक ही संवाद लिहायची भाषा बघा. ती २०१६ पासून मुक्तस्रोत आहे. यातलं कुठलंही साधन तुमच्या बाईंना चांगलं किंवा वाईट करणार नाही, त्यामुळे यावर आठवडा घालवू नका. आम्ही घालवला.

एकोणीस

जुलै संपतो. १ ऑगस्ट १९९८ ला शनिवार, सकाळची शाळा. व्हरांड्यात तांदळाची पोती, तराजू, यादी. खेळणाऱ्याने पूर्ण महिना नीट काढला असेल तर संतोषचे २० भरतात. बाई तांदूळ मापतात आणि एवढंच म्हणतात, ‘पिशवी खालून धर. भोक आहे.’

पण बऱ्याच जणांचे १९ होतात, आणि ते आम्ही मुद्दाम तसं केलंय. जुलैत बाई सतत टोकत राहतात: ‘उद्या ये.’ ‘उशीर झाला तरी ये.’ ‘गुरं शाळेच्या माळावर आण, पण ये.’ पहिल्यांदा खेळताना ही कटकट वाटते. लोक ‘वगळा’चं बटण दाबतात. मग व्हरांड्यात नावं पुकारली जातात, संतोषचं येत नाही. गुरुजी हळूच म्हणतात, ‘बाई, एकच दिवस आहे. लावा की.’ बाई हजेरीपट मिटतात.

‘संतोष, तुझे एकोणीस.’

इथे बाईंनी आपल्या पदरचा तांदूळ द्यावा, असं आमच्यातल्या तिघांचं मत होतं. मी अडून बसले. पदरचा तांदूळ दिला की रडू येतं आणि प्रसंग संपतो. शिवाय वर्गात एकोणीसवाली आणखी तीन पोरं आहेत, त्यांचं काय? मग बाई काय करतात? त्या पाटीवर आकडा लिहितात आणि पाटी त्याच्या हातात देतात. ‘ऑगस्टचे कामाचे दिवस चोवीस. वीस लागतील. आज एक झाला. रोज एक खोडायचा, आणि पाटी मला दाखवायची.’ आणि मग, जाता जाता: ‘आईला सांग, सोमवारी मी येतेय. चहा नको.’

याचा हातचा मार्चमध्ये येतो. शिष्यवृत्तीच्या धांदलीत बाई संतोषला कपाटातून टाचणवही आणायला पाठवतात. वही पडते, मागचं पान उघडतं. तिथे चार नावं आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीचे बारीक ठिपके. संतोषपुढे जुलैचे एकोणीस. शेवटच्या आठवड्यातल्या ठिपक्यांखाली रेघ. हा आकडा तुम्ही तुमच्या खेळात जितका केला तितकाच तिथे दिसतो, कारण तो त्याच ‘हजर दिवस’मधून येतो. जी कटकट वाटत होती ती मोजणी होती. या पानावर आम्ही संगीत ठेवलेलं नाही, संतोषच्या मनातलं वाक्यही नाही. खेळणारा पान मिटेपर्यंत ते उघडं राहतं.

बाईंना एकदा चुकू द्या

न चुकणारी कडक बाई म्हणजे भिंतीवरची तसबीर. सप्टेंबरमध्ये संतोषची सगळी तोंडी गणितं बरोबर येतात. बाईंना वाटतं, त्याने शेजारच्याचं बघितलं. सगळ्यांसमोर बोलतात, वेगळं बसवतात. खरं कारण असं की पोरगा महिनाभर लावणीला रोपांच्या मुठी मोजून देत होता. चारचा आणि पाचचा पाढा त्याच्या बोटांत बसलाय. बाईंना हे दुसऱ्या दिवशी कळतं.

सगळ्यांसमोर झालेली चूक एकट्यात दुरुस्त करायची नाही. परिपाठ संपल्यावर बाई म्हणतात, ‘काल संतोषचं बरोबर होतं. चूक माझी.’ थोडं थांबून, ‘बस खाली. हसू नकोस.’ शेवटची दोन शब्दांची आज्ञा नसती तर या मोहितेबाई राहिल्या नसत्या.

चेहरा, आवाज, अक्षर

चित्रकाराला बाईंचे चौदा हावभाव सांगू नका. चार पुरे: चष्म्यावरून बघणाऱ्या, चष्म्यातून बघणाऱ्या, वहीत बघणाऱ्या, खिडकीबाहेर बघणाऱ्या. हसरा चेहरा काढूच नका, म्हणजे तो वापरायचा मोह होणार नाही. सुती साडी, पदर खोचलेला, डाव्या मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, बोटांना खडू. आवाजात घंटा महत्त्वाची. पितळी नको, झाडाला टांगलेला लोखंडी तुकडा. तो आवाज ऐकून अनेकांनी आपापल्या शाळेचं नाव सांगितलं.

अक्षराबाबत मात्र वेळ काढा. शुद्धलेखनावर अडून बसणाऱ्या बाईंच्या तोंडी तुटकं जोडाक्षर आलं तर सगळं हास्यास्पद होतं. गोडो ४ हे गेम बनवायचं साधन देवनागरी नीट जोडतं. युनिटी या दुसऱ्या साधनात अक्षरं दाखवणाऱ्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, तिथे वेगळी सोय लागते. रेनपायची नवी आवृत्तीच घ्या. फॉन्ट निवडताना हे शब्द टाकून बघा: दुसऱ्या, ऱ्हस्व, सुट्टी, शुद्धलेखन, वाङ्मय. ‘ऱ्या’तला अर्धा र मोडला की फॉन्ट बाद. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेही बघा. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण वेगळं चालू करावं लागतं. ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट फुकट वापरता येतात. आम्ही फळ्यासाठी बालू घेतला.

आणखी एक खड्डा. अक्षरं एकेक करून उमटवण्याची जी पद्धत असते, ती रोमन लिपीसाठी केलेली. मराठीत ‘शिक्षा’ उमटताना आधी ‘श’ दिसतो आणि मग वेलांटी उडी मारून त्याच्या आधी जाऊन बसते. पूर्ण शब्द एकदम उमटवा. बाईंना तेच शोभतं. शब्द, थांबा, शब्द.

खेळून बघायला कोणाला द्याल

‘बाई आवडल्या का?’ हा प्रश्न विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘त्या तुला काय म्हणाल्या होत्या, आठवतं?’ वाक्य जसंच्या तसं परत आलं तर ते ठेवा. ज्यांना फक्त ‘ओरडल्या’ एवढंच आठवलं, त्यांनी पाहिलेला प्रसंग पुन्हा लिहा. आणि निदान एका निवृत्त शिक्षिकेला खेळायला बसवा, शेजारी गप्प बसून राहा.

आमच्याकडे आलेल्या बाई छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या. त्यांनी पूर्ण जुलै खेळला, मधे एकदाही हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘हजेरी घेताना तुमची बाई मान खाली घालूनच बसते. असं नसतं. नाव घेतल्यावर उत्तर आलं नाही की आपण त्या जागेकडे बघतो. तिथे कोणी नाही हे माहीत असतं, तरी बघतो.’

त्या रात्री चित्रकाराने पाचवा चेहरा काढला.